एका वाक्यातली एकोणतीस वर्षं

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या वाचनालयात पंडिता रमाबाईंच्या जयंतीचं व्याख्यान होतं. बाहेर चाळीसच्या पुढचं ऊन, आत पंखे घरघरतायत, मागच्या रांगेत निवृत्त मंडळी आणि पुढे सतरंजीवर शाळेच्या मुली. वक्त्या तयारीच्या होत्या. गंगामूळ, अनंतशास्त्री, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी सोसलेला रोष, मग कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारींशी लग्न, वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनसमोरची साक्ष, इंग्लंड, अमेरिका, विधवांसाठी काढलेलं शारदा सदन. सगळं ओघवतं सांगितलं. १८९३ च्या वादाशी, सदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपाशी, आल्यावर आवाज थोडा खाली आला. केसरीतली टीका, रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडणं, मुलींना पालकांनी काढून नेणं. आणि मग एक वाक्य: “त्यानंतर रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन काढून उर्वरित आयुष्य धर्मकार्यात घालवलं.” टाळ्या झाल्या, आभार झाले, चहा आला.

माझ्या शेजारी आमच्या सोसायटीतल्या काकू बसल्या होत्या. त्या मूळच्या नगरकडच्या, चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. त्यांनी चष्मा पुसून पर्समध्ये ठेवला आणि कुणालाही ऐकवायचं नसल्यासारखं म्हणाल्या, “झालं? आमच्या रमाबाई तर इथनं पुढं सुरू होतात.”

ते वाक्य काही मला सोडेना.

हिशेब साधा आहे. शारदा सदनाचा वाद १८९३ चा, रमाबाई गेल्या १९२२ साली. म्हणजे एका वाक्यात एकोणतीस वर्षं बसवली होती. त्यांच्या चौसष्ट वर्षांच्या आयुष्यातली जवळजवळ निम्मी. आणि हे त्या एका व्याख्यानापुरतं नाही. शाळेत असताना वाचलेला धडा, वर्तमानपत्रांतले जयंतीचे लेख, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, सगळीकडे रमाबाई पुण्यातून केडगावकडे निघाल्या की दिवे मालवतात. सुधारक रमाबाई आपल्याला चालतात. केशवपनाविरुद्ध बोलणाऱ्या, बायकांना डॉक्टर व्हायला हवं असं सरकारला ठणकावून सांगणाऱ्या, पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाईला शिकवणाऱ्या. पहाटे उठून शेकडो मुलींसोबत गुडघे टेकणाऱ्या, पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी महिनोन्‌महिने प्रार्थना करणाऱ्या रमाबाईंचं काय करायचं, हे आपल्याला ठरवता आलेलं नाही. म्हणून आपण त्या भागाला ‘धर्मकार्य’ म्हणतो आणि चहाला उठतो.

मला केडगाव लहानपणापासून माहीत आहे ते पुणे-दौंड पॅसेंजरच्या खिडकीतून. दौंडला माझी आत्या असायची, काका रेल्वेत. उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, मग कडेठाण, पाटस आणि दौंड, अशी स्टेशनं मला तोंडपाठ होती. केडगावला डब्यातून काही बायका उतरायच्या, साध्या सुती साड्या, हातात पिशव्या, आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, “मिशनच्या आहेत.” त्या सांगण्यात तुच्छता नव्हती, आपुलकीही नव्हती. उसाच्या शेतांमागे काही झाडांचा गर्द पट्टा दिसायचा आणि तेच मिशन असावं असं मी मनाशी धरून चालले होते. तिथे काय चालतं हे आत्यालाही फारसं ठाऊक नव्हतं. “अनाथ मुलींना सांभाळतात, चांगलं काम आहे,” एवढंच. दर रविवारी दौंडच्या चर्चमधून मोठ्या आवाजात प्रार्थना ऐकू यायची, सगळे एकदम बोलतायत, कुणी रडतंय, आणि आत्या खिडकी लोटून घ्यायची. मला मात्र ऐकत राहावंसं वाटायचं. भीतीही वाटायची. घरात आम्ही देवापुढे हळू बोलायचो.

व्याख्यानानंतरच्या उन्हाळ्यात मी त्या एकोणतीस वर्षांच्या मागे लागले. रमाबाईंचं स्वतःचं लिखाण, पत्रं, मिळेल ते. आणि वाचताना पहिल्यांदा पाय अडखळला तो केडगावच्या खूप आधी, दुष्काळात.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. अनंतशास्त्री सगळं कुटुंब घेऊन वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराण सांगत फिरत होते. गाठीचं संपलं. भांडी गेली, दागिने गेले. भीक मागायची नाही, मजुरी करायची सवय नाही. जंगलात झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, नंतर बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ते दोघं पायी देशभर फिरले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीचा कडाका होता, अंगावर पांघरायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. रात्र तशी काढली. हे त्यांनी पुढे १८९७ साली लिहून ठेवलं, मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणायला निघाल्या तेव्हा. मी तो मजकूर रात्री वाचला आणि पुस्तक मिटून बसले. ज्या बाईने स्वतःला जिवंतपणी वाळूत पुरून घेऊन थंडी काढली आहे, तिच्या भुकेविषयीच्या, देवाविषयीच्या निर्णयांवर मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून मत देताना जरा थांबायला हवं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, कडेवर अडीच वर्षांची मनोरमा. त्याआधी थोडेच दिवस त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने तिथेच आत्महत्या केली होती. हा भाग वाचताना श्वास जड होतो. परक्या देशात, मठाच्या थंड इमारतीत, जवळची एकमेव मराठी बाई अशी गेलेली, आणि त्यानंतर काही दिवसांत हा निर्णय. रमाबाईंच्या टीकाकारांना इथे दुबळेपणा दिसला. पण पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी जो पत्रव्यवहार केला तो दुबळ्या बाईचा नाही. मी चर्चची सदस्य आहे, पण पाळकांच्या आणि बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मान्य करायला बांधील नाही, हे त्यांनी स्वच्छ कळवलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे, असं विचारलं. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धांतावर वाद घातला. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशप म्हणाले, तर त्याचा अपमान वाटल्याचं लपवलं नाही. पुण्याच्या शास्त्र्यांशी भांडून आलेली बाई इंग्लंडच्या बिशपांशीही तितक्याच ताठ मानेनं भांडली. हे आपण मुलांना का सांगत नाही? ‘धर्मांतर केलं’ या दोन शब्दांत हे सगळं बुडून जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की एक डोकं एका मालकाकडून उचलून दुसऱ्याच्या ताब्यात दिलं गेलं.

शारदा सदनाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. एवढंच नोंदवते की रमाबाईंचं स्वतःचं म्हणणं असं होतं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास सापडला. म्हणजे ज्या काळात बाहेर त्यांच्या हेतूंवरून वाद पेटत होता, त्याच काळात आत काहीतरी हलत होतं. त्या आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि मुली येऊन बसायच्या. वाद तिथूनच वाढला. दार बंद ठेवलं असतं तर? मला हा प्रश्न खरोखर पडतो, आणि उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. सदनात धर्म शिकवणार नाही हा पालकांना दिलेला शब्द एकीकडे. आणि दुसरीकडे, जी बाई आयुष्यभर बंद दारांविरुद्ध लढली तिला स्वतःच्या देवाशी बोलताना दार लावून घे म्हणणं.

मग आली १८९६-९७ ची दोन संकटं, दुष्काळ आणि प्लेग. मध्य प्रांतातल्या अन्नछत्रांत आणि निवाऱ्यांत विधवा आणि पोरक्या मुलींचं काय चाललंय हे रमाबाईंनी स्वतः जाऊन पाहिलं. तिथले मुकादम, तिथे घिरट्या घालणारे दलाल, सगळं पाहिलं, लिहिलं, आणि हाती लागतील तितक्या मुली घेऊन निघाल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, नवीन माणसं सदनात आणायला बंदी. केडगावला फळझाडं लावून उत्पन्न मिळवावं म्हणून त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे तंबू पडले, झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या. मुक्ती ही अशी उघड्या माळावर उभी राहिली. १९०० च्या आसपास, गुजरातेतल्या दुष्काळातल्या मुली आल्यावर, तिथे दोन हजारांच्या घरात माणसं होती. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. शेती, माग, तेलघाणा, दूधदुभतं, आणि बायकांनी चालवलेला छापखाना. एका मराठी बाईने, एका हाताला बहिरेपण आणि दुसऱ्या हाताला बदनामी घेऊन, एवढं गाव वसवलं. पैसा बराचसा परदेशी देणग्यांचा, निर्णय त्यांचे.

आता त्या भागाकडे येते ज्याच्यापाशी आपण सगळे गप्प होतो.

१८९८ साली रमाबाई इंग्लंडमध्ये केझिकच्या ख्रिस्ती प्रार्थना-मेळाव्याला गेल्या होत्या. मिळालेल्या थोडक्या मिनिटांत त्यांनी मागितलं काय, तर भारतावर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून प्रार्थना करा. पुढे १९०४ मध्ये वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या खाणीत काम केलेल्या तरुणाभोवती मोठं संजीवन, म्हणजे श्रद्धेची सामूहिक जागृती, उसळलं. तिथल्या मिशनऱ्यांमार्फत ते १९०५ च्या सुरुवातीला आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत पोचलं. बातम्या केडगावला येत होत्या. जानेवारी १९०५ पासून मुक्तीतल्या मुलींचा एक गट रोज प्रार्थनेला बसू लागला. सत्तरेक होत्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे मुलींच्या खोलीत कल्लोळ झाला. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवलंय की एका मुलीच्या अंगावर आग दिसली म्हणून दुसरी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच कळलं की ही जळत नाहीय. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. मुली एकाएकी रडायला लागल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, कुणी उभी, कुणी गुडघ्यावर, कुणी बसल्या जागी, आणि त्या आवाजात शिकवणं अशक्य झालं. रमाबाई थांबल्या. त्या अध्यायाची सुरुवात ज्या प्रसंगाने होते तो सगळ्यांना माहीत आहे: दगड मारायला जमलेले पुरुष आणि मधोमध उभी केलेली बाई.

आठवडेच्या आठवडे हे चाललं. आधी पापांची कबुली, आक्रोश, छाती पिटणं. मग गाणी, टाळ्या, नाच. मग टोळ्या करून आजूबाजूच्या गावांत साक्ष द्यायला जाणं. १९०६ च्या अखेरीपासून काही मुली प्रार्थनेच्या भरात अन्य भाषांत, कधी न शिकलेल्या भाषांत, बोलू लागल्या. बऱ्याच गोऱ्या मिशनऱ्यांना हे आवडलं नाही. हिस्टेरिया, अज्ञान, बेशिस्त. रमाबाईंनी स्वतः अन्य भाषांचं दान मिळाल्याचा दावा कधी केला नाही, पण आपल्या नियतकालिकात त्या मुलींच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. भारतीय माणसाचा स्वभाव देवानेच घडवलाय, त्याला त्याच्या रीतीने रडू द्या, हसू द्या, पाश्चात्त्य शिस्तीचं माप त्याला लावू नका, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

तो २९ जून ज्येष्ठ वद्यात पडतो. मी पंचांगाशी ताडून पाहिलं. त्याच पंधरवड्यात तुकोबांची पालखी लोणी, यवत, वरवंड करत केडगावच्या बाजूनेच पुढे जाते. पालखीत माणूस ओळखपाळख नसलेल्याच्या पाया पडतो, गळ्यात पडतो, टाळ वाजवता वाजवता ओक्साबोक्शी रडतो, आणि आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. उलट ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही त्याचीच कीव येते. मग त्याच रस्त्यालगत, त्याच पावसाच्या तोंडावर, पाचशे पोरी देवापुढे हंबरडा फोडतात तेव्हा आपण खिडकी का लोटून घेतो? धर्म वेगळा म्हणून, हे एक उत्तर झालं. मला वाटतं, त्या पोरी होत्या हे दुसरं. भजनात रंगलेला पुरुष आपण पाहिलेला असतो. आवाज चढवलेली विधवा आपण पाहिलेली नसते.

त्या मुली कोण होत्या, याचा विचार मी गेले काही महिने सोडू शकलेले नाही. बारा, पंधरा, अठरा वर्षांच्या. कुणाचं सगळं घर डोळ्यांदेखत उपाशी मेलेलं. कुणाला सासरच्यांनी हाकलून दिलेलं, नवरा गिळला म्हणून. काहींच्या वाट्याला निवाऱ्यात जे आलं ते रमाबाईंनीही आडून आडूनच लिहिलंय. त्यांच्यापैकी कुणाला आजवर मोठ्याने रडायची परवानगी मिळाली असेल? दुष्काळात रडायला अंगात त्राण नसतं, आणि सासरी हक्क नसतो. पोट भरल्यावर, अंगावर धड लुगडं आल्यावर, दाराला आतून कडी घालता येते हे कळल्यावर, आठ वर्षांनी ते बाहेर आलं. मी असं म्हणते तेव्हा काकू मान हलवतात. “असेल तेही,” त्या म्हणतात, “पण सगळं दुःखाच्या खात्यावर टाकू नकोस. आत्मा आला होता.” त्यांचं म्हणणं मी खोडत नाही. त्या पोरींनी स्वतः काय सांगितलं? आम्हाला देव भेटला, असं सांगितलं. त्यांना बोलता आलं याचा आनंद मानायचा आणि त्या जे बोलल्या ते मात्र बाजूला सारायचं, हा न्याय नाही.

आणि हे केडगावात राहिलं नाही. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर, गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा विल्यम सेमूर याच्याभोवती जे सुरू झालं, ते जगभरच्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती, चळवळीचं उगमस्थान म्हणून सांगितलं जातं. केडगाव त्याच्या आधी नऊ महिने. अलीकडचे अभ्यासक म्हणूनच एकच उगम मानत नाहीत, वेल्स, खासी टेकड्या, केडगाव, अझुसा, १९०७ चं कोरियातलं प्याँगयांग, असे अनेक झरे सांगतात. आणि एक धागा तर थेट केडगावातून निघतो. मिनी अब्राम्सनी १९०६ मध्ये मुक्तीतल्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत शिकागोत आपल्याबरोबर शिकलेल्या जुन्या सहाध्यायिनीला पाठवली. ती मैत्रीण होती चिलीत, वालपराइसो बंदरात, मेथडिस्ट पाळक विलिस हूव्हर यांची पत्नी. ऑगस्ट १९०६ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालेलं. नवराबायकोने ती पुस्तिका वाचली, मंडळी प्रार्थनेला बसली, १९०९ मध्ये तिथे तसंच संजीवन झालं, मेथडिस्ट वरिष्ठांशी खटके उडाले आणि १९१० मध्ये वेगळी पेंटेकोस्टल मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. आज चिलीतले लाखो पेंटेकोस्टल लोक आपली मुळं शोधत मागे जातात तेव्हा वाटेत त्यांना दौंड तालुक्यातलं एक रेल्वे स्टेशन लागतं. पुणे जिल्ह्यातल्या किती गोष्टी दक्षिण अमेरिकेच्या इतिहासात आहेत? आणि आम्ही ती व्याख्यानात घेत नाही.

काकूंची पणजी मुक्तीची मुलगी होती. हे त्यांनी मला व्याख्यानाच्या दिवशी सांगितलं नाही, बऱ्याच दिवसांनी, त्यांच्याकडे पोहे खाताना सांगितलं. मध्य प्रांतातून आलेली, जबलपूरकडची एवढंच तिला माहीत होतं. गावाचं नाव गेलेलं, आईबापांची नावं गेलेली. मुक्तीत वाढली, छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला शिकली, मग नगरकडच्या एका ख्रिस्ती शिक्षकाशी लग्न झालं. काकूंनी तिला लहानपणी पाहिलंय. अगदी वाकलेली, पांढरं पातळ, आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघणं. पीठ हाताला लागलं की मगच बाहेर यायची. डबा कधी तळाला जाऊ द्यायची नाही, सुनेशी त्यावरून रोज खटका. आणि पहाटे प्रार्थना, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. बोलायची मराठी, चांगली शुद्ध, मुक्तीत घोटलेली. “पण प्रार्थना चढली ना,” काकू म्हणाल्या, “की मराठी सुटायची तिची. लहानपणची बोली यायची. आम्हाला काही कळायचं नाही. आई म्हणायची, असू दे, तिच्या आईशी बोलतेय.”

काकूंच्या हार्मोनियमवर टिळकांच्या भजनांची जुनी वही असते, नारायण वामन टिळकांची. त्या संध्याकाळी त्यांनी त्यातलं एक म्हटलं. ओवी-अभंगाचं वळण घेऊन टिळकांनी चर्चमध्ये टाळ-मृदंग आणले, तेही १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर सगळा रोष पत्करून. रमाबाई आणि टिळक स्वभावाने वेगळे, पण ख्रिस्ती व्हायला इंग्रज व्हावं लागत नाही हे दोघांनीही आपापल्या परीने दाखवलं. टिळकांना आपण कवी म्हणून ठेवून घेतलं. त्यांच्या फुला-मुलांच्या कविता आपल्या, भजनं त्यांची.

भजन संपल्यावर मी मनात बरेच दिवस घोळणारा प्रश्न विचारला. दुष्काळातून आणलेली दहा वर्षांची पोर, जिला खायला, कपड्याला, छपराला दुसरं कुणी नाही, ती नाही म्हणू शकली असती का? जिथे सकाळ प्रार्थनेने उजाडते आणि संध्याकाळ प्रार्थनेने मावळते, तिथे तिचा होकार किती तिचा? रमाबाईंविषयी मला कितीही आदर असला तरी हा प्रश्न मागे हटत नाही, आणि तो विचारणाऱ्या प्रत्येकाला सनातनी ठरवणं मला मान्य नाही. स्वतः रमाबाईंनी वाँटेजमध्ये ज्या स्वातंत्र्यासाठी भांडण केलं, तेवढं स्वातंत्र्य मुक्तीतल्या मुलीला होतं का?

काकू काही वेळ हार्मोनियमचा भाता बंद करत बसल्या. मग म्हणाल्या, “पणजीचं लग्न पाचव्या वर्षी झालेलं. नवरा तिने पाहिलाही नव्हता, मेला तेव्हा. तेव्हा विचारलं होतं का कुणी?” आणि थोड्या वेळाने, “पण तुझा प्रश्न खोटा नाही. मलाही पडतो. माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला.”

हाच प्रश्न मनोरमेपाशीही येतो. आईच्या कडेवर अडीच वर्षांची असताना तिचा बाप्तिस्मा झाला. ती मुलगी वाँटेजला सिस्टरांच्या ताब्यात असताना रमाबाईंनी पत्रांतून भांडून सांगितलं होतं की माझ्या लेकीच्या डोक्यात अमुक एका पंथाचे सिद्धांत कोंबू नका, तिला मोठी होऊन आपल्या बुद्धीने ठरवू द्या. तिचं शिक्षण इंग्लंड-अमेरिकेत झालं. परत येऊन तिने आपलं सगळं वय मुक्तीला दिलं, आईची उजवी बाजू होऊन. ते तिने ठरवलं की ते तिच्यावर आलं, हे तिच्या पत्रांत शोधत मी पुष्कळ रात्री जागले. तिथे थकवा दिसतो, आईविषयीची माया दिसते, कामाचे ढीग दिसतात, आणि कुरकुर जवळपास नाही. कुरकुर नाही याचा अर्थ काय लावायचा यावर माझं आणि काकूंचं अजून एकमत झालेलं नाही.

शेवटच्या वर्षांत रमाबाई लोकांत फारशा जात नसत. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्या अख्खं बायबल उतरवत होत्या. कान गेलेले, प्रकृती खालावलेली. एक पान लिहून झालं की छापखान्यात जायचं, तिथे मुक्तीच्याच बायका खिळे जुळवायच्या, कच्चं मुद्रित परत यायचं, रमाबाई तपासायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. काकूंच्या घरी त्याची प्रत आहे, पाठीचा पुठ्ठा सुटलेला. पणजी तेव्हा मुक्ती सोडून नगरला गेलेली होती, त्यामुळे त्यातलं एकही पान तिने जुळवलेलं नाही, हे काकूंनी मला मुद्दाम सांगितलं. पण तिच्याबरोबर खिळे जुळवायला शिकलेल्या दोघीतिघी तिथेच राहिल्या होत्या, आणि त्या प्रतीत कुठे अक्षर किंचित तिरकं बसलेलं दिसलं की पणजी त्यांच्यातल्या एकीचं नाव घेऊन म्हणायची, हे हिचं काम.